प्रोग्रामेबल बटणांचा माउस घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अनुवादाचं आणि मजकूर पानात बसवायचं काम करते. म्हणजे दिवसभर एक हात कीबोर्डवर, एक माउसवर. माझ्या टेबलावरचा माउस पाहिला की लोक तेच ते प्रश्न विचारतात आणि मी तीच ती उत्तरं देते. ती एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर ऑनबोर्ड मेमरीचा प्रश्न तेवढा नक्की वाचा. माउस घेऊन पस्तावलेले बहुतेक लोक तिथेच अडकलेले मी पाहिलेत.

प्रोग्रामेबल बटण म्हणजे नेमकं काय?

ज्या बटणाचं काम कारखान्यात कायमचं ठरून आलेलं नाही, तुम्हाला ठरवता येतं, ते. ऐकायला सोपं आहे, पण आत एक मेख आहे. विंडोज माउसची पाचच बटणं ओळखतं: डावं, उजवं, चाक दाबल्यावरचं मधलं, आणि अंगठ्यापाशी असलेली ‘मागे’ व ‘पुढे’. सहावं बटण विंडोजच्या लेखी नाहीच.

मग बारा-बारा बटणांचे माउस चालतात कसे? एक तर माउस स्वतःच कीबोर्डचं सोंग घेतो आणि ‘कंट्रोल आणि सी दाबलं’ असं कॉम्प्युटरला सांगतो. नाहीतर कंपनीचं सॉफ्टवेअर मध्ये निरोप्या म्हणून बसतं. बटण दाबल्याचं ते ऐकतं आणि ठरलेलं काम करून टाकतं. असा माउस जोडून विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा. बऱ्याचदा कीबोर्डच्या यादीत एक जास्तीचा कीबोर्ड दिसतो. तो तुमचा माउसच.

सोंग कोण घेतं आणि निरोप कोण देतं, हे लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच भानगडी यातूनच निघतात.

रिमॅप, शॉर्टकट, मॅक्रो: यात फरक काय?

रिमॅप म्हणजे एका बटणाला दुसऱ्या बटणाचं काम देणं; उदाहरणार्थ, ‘पुढे’ बटणावर मधला क्लिक. शॉर्टकट म्हणजे एका दाबण्यात कंट्रोल, शिफ्ट आणि टी अशी जोडी. मॅक्रो म्हणजे एकामागून एक दाबायच्या कळांची रेकॉर्ड केलेली माळ, मधल्या थांब्यांसकट.

जाहिराती मॅक्रोचं फार कौतुक करतात. रोजच्या कामात माझे नऊ-दशांश उपयोग साध्या शॉर्टकटचे आहेत. मॅक्रोत माउसच्या हालचाली रेकॉर्ड करण्याचा मोह तर टाळाच: खिडकी जरा इकडेतिकडे सरकली की तो मॅक्रो भलत्याच जागी क्लिक करून मोकळा होतो.

किती बटणं घ्यावीत?

हा वाद माउसइतकाच जुना आहे. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास बनवलेल्या पहिल्या लाकडी माउसला एकच बटण होतं. एंगेलबार्टनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं, त्यातल्या माउसला तीन होती. १९८३ मध्ये ॲपलने लिसा हा कॉम्प्युटर बाजारात आणला तो पुन्हा एका बटणाच्या माउससह. म्हणजे तज्ज्ञांचंही कधी एकमत नव्हतं, तेव्हा तुम्ही गोंधळलात तर वावगं काही नाही.

माझी पद्धत अशी. दोन दिवस कीबोर्डशेजारी एक कागद ठेवा. माउसवरचा हात उचलून कीबोर्डवर न्यावा लागला, किंवा डाव्या हाताला बोटं ताणून अवघड जोडी दाबावी लागली, की त्या कामापुढे एक रेघ मारा. दोन दिवसांनी रेघा मोजा. माझ्या कागदावर पहिल्यांदा कॉपी, पेस्ट, भाषा बदलणं, टॅब बंद करणं आणि स्क्रीनशॉट एवढीच कामं दहाच्या पुढे गेली होती. पाच कामं, म्हणजे पाच बटणं. बाकीची कामं दिवसातून दोनदा लागत होती, आणि दोनदा लागणाऱ्या कामाचं बटण कुठलं हे आठवेपर्यंत कीबोर्डवरून ते उरकलेलं असतं.

बहुतेकांना चार ते सहा जास्तीची बटणं पुरतात. त्यापुढे जायचं असेल तर तसं कारण हवं.

खोक्यावर ‘११ प्रोग्रामेबल बटणं’ लिहिलंय. अकरा कुठे आहेत?

चांगला प्रश्न. कंपन्या सगळं मोजतात: डावा क्लिक, उजवा क्लिक, चाकाचा क्लिक, चाक डावीकडे झुकवणं, उजवीकडे झुकवणं. लॉजिटेकच्या जी५०२ चं उदाहरण घ्या. अकरा बटणं खरीच आहेत, पण त्यांतली पाच वर सांगितलेलीच. एक चाकाच्या मागे, दोन डाव्या क्लिकच्या कडेला, आणि अंगठ्याखाली फक्त तीन. माउस वाईट आहे असं मुळीच नाही. अनेकांचा तो वर्षानुवर्षांचा सोबती आहे. पण ‘अकरा’ वाचून मनात जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे.

म्हणून आकडा वाचू नका, फोटो बघा. हाताची पकड न सोडता, खाली न बघता, बोट सहज जाईल अशी बटणं किती, तेवढीच मोजा. डाव्या-उजव्या क्लिकला तुम्ही दुसरं काम देणार नाही, ते वगळा. चाक झुकवणं मात्र मोजायला हरकत नाही. तर्जनीने जमतं आणि आडव्या स्क्रोलऐवजी दुसरं काम तिथे छान बसतं. फक्त काही माउसांत चाक सरळ दाबायला जावं तर ते थोडं झुकतं आणि भलतंच काम होतं.

एक फुकटचं बटण अनेकांच्या लक्षात येत नाही: चाकामागचं डीपीआय, म्हणजे हात हलवल्यावर कर्सर किती लांब सरकतो ते, बदलायचं बटण. डीपीआय एकदा ठरलं की कोण बदलतं? बऱ्याच माउसांत त्यालाही दुसरं काम देता येतं. स्वस्तातल्या काही माउसांत ते पक्कं बांधलेलं असतं, एवढं आधी तपासा.

अंगठ्याखाली बारा बटणं असलेला माउस घेऊ का?

मी घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी उत्साहाने बाराही बटणांना कामं देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी पेस्टच्या जागी शेजारचं बटण दाबलं गेलं आणि निवडलेला अख्खा परिच्छेद उडाला. अनडू होतं म्हणून वाचले, पण त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक वेळी माउस किंचित वाकडा करून बटणांवरचे आकडे वाचत होते. बघून दाबायचं असेल तर कीबोर्ड काय वाईट होता?

अंगठ्याला जागा कळते ती कडांवरून आणि उंचवट्यांवरून. चार रांगा, तीन बटणं अशा जाळीत कोपऱ्यातली चार पटकन सापडतात, मधली सापडत नाहीत. म्हणून बटणांच्या रचनेकडे बघा. लॉजिटेकच्या जी६०० मध्ये एकूण वीस बटणं आणि त्यांतली बारा अंगठ्याखाली आहेत, पण ती दोन गटांत विभागून तिरकी बसवली आहेत, त्यामुळे अंगठा दोन गटांच्या मधल्या खोबणीत टेकतो आणि तिथून दिशा धरतो. शिवाय अनामिकेखालचं बटण शिफ्टसारखं दाबून धरलं की बाकीच्या बटणांना दुसरा थर, म्हणजे प्रत्येकाला आणखी एकेक काम, मिळतो. रेझरच्या नागा ट्रिनिटीत माउसची बाजूची पट्टीच काढून बदलता येते: दोन, सात किंवा बारा बटणांची. स्वतःबद्दल खात्री नसलेल्या माणसासाठी ही कल्पना मला फार पटते.

हे माउस मुळात एमएमओ खेळांसाठी, म्हणजे असंख्य लोक एकाच वेळी ऑनलाइन खेळतात त्या खेळांसाठी, जन्मले. तिथे खेळाडू तासन्‌तास त्याच बारा चाली वापरतो, म्हणून बोटांना पाठ होतात. तुमचं काम तसं एकसुरी असेल, म्हणजे दिवसभर एकच कॅडचं (आराखडे काढायचं) किंवा व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर उघडं असेल, तर बारा बटणं वसूल होतात. दर तासाला वेगळं काम करणाऱ्याला नाही.

ऑनबोर्ड मेमरी म्हणजे काय, आणि ती खरंच हवी का?

तुम्ही बटणांना दिलेली कामं कुठे साठतात? दोनच जागा: माउसच्या आतल्या चिपमध्ये, नाहीतर कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्या प्रकारात माउस स्वतः सोंग घेतो. तो कुठल्याही कॉम्प्युटरला जोडा, तुमची कामं त्याच्याबरोबर येतात. दुसऱ्या प्रकारात निरोप्या जागा असेपर्यंतच खेळ. सॉफ्टवेअर बंद पडलं, अपडेट होताना अडकलं, की तुमचा महागडा माउस साधा माउस होतो.

हे मला असं कळलं. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरने एका सकाळी स्वतःहून नवी आवृत्ती उतरवली आणि माझ्या सगळ्या प्रोफाइल, म्हणजे बटणांना दिलेल्या कामांचे संच, पुसल्या. काम द्यायची मुदत त्याच दिवशी. बॅकअप घ्यायची सोय मेनूत खोल कुठेतरी होती, ती मला नंतर सापडली. तेव्हापासून माउस घेतला की पहिल्या तासात मी एक चाचणी करते: बटणांना कामं द्यायची, सॉफ्टवेअर पूर्ण बंद करायचं, नुसती खिडकी नव्हे तर घड्याळाजवळच्या आयकॉनवरूनही, आणि मग बटणं दाबून बघायची. त्यानंतर माउस दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावायचा. तिथेही चालला तर मेमरी खरी.

‘ऑनबोर्ड मेमरी आहे’ एवढं वाक्य मात्र पुरेसं नाही. साधे शॉर्टकट आणि डीपीआय बहुतेक ठिकाणी आत साठतात. मोठे मॅक्रो साठतीलच असं नाही. ‘अमुक प्रोग्रॅम उघड’ किंवा ‘एक्सेलमध्ये हे काम, फोटोशॉपमध्ये ते’ असल्या गोष्टी माउसला एकट्याने जमत नाहीत, कारण पडद्यावर काय उघडं आहे हे त्याला दिसतच नाही. ते पाहायला कॉम्प्युटरवर कोणीतरी लागतंच. लॉजिटेकच्या एमएक्स मालिकेचा भर त्यावरच आहे: तिथली बटणांची कामं ऑप्शन्स प्लस या सॉफ्टवेअरच्या जिवावर चालतात. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी कामं देणं त्यात सुरेख जमतं, पण माउस उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तर ती बरोबर येत नाहीत.

तेव्हा एकाच कॉम्प्युटरवर बसणारे असाल तर सॉफ्टवेअरवाला माउस चालेल. दोन-तीन कॉम्प्युटर फिरत असाल तर ऑनबोर्ड मेमरीशिवाय माउस घेऊच नका.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीच इन्स्टॉल करू देत नाहीत. मग?

घरच्या कॉम्प्युटरवर कामं भरा, माउस ऑफिसात न्या. पेन ड्राइव्ह बंद असलेल्या ठिकाणीही माउस आणि कीबोर्ड सहसा चालतात. लॉजिटेकच्या गेमिंग माउसांसाठी ऑनबोर्ड मेमरी मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो इन्स्टॉल न करता चालतो, आणि घरी भरण्याचं काम त्यानेही होतं. ऑफिसचे नियम मात्र वाचा. मॅक्रो वापरायला मनाई असलेली ठिकाणं आहेत.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावरच्या खिडकीत उघडून, काम करणाऱ्यांना इथे एक वेगळाच चकवा बसतो. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या निरोप्याला रिमोटची अख्खी खिडकी हा एकच प्रोग्रॅम दिसतो. आत एक्सेल आहे की ब्राउझर, हे त्याला कळत नाही, आणि प्रोग्रॅमनुसार बदलणारी कामं बदलतच नाहीत. अशा वेळी सगळीकडे सारखी लागणारी कामंच बटणांना द्यावीत.

मॅकवर चालेल का? लिनक्सवर?

माउस म्हणून सगळीकडे चालेल. जास्तीच्या बटणांचं पुढे बघू.

मॅकवर सगळ्यात मोठी गंमत कंट्रोलची. माउसच्या मेमरीत तुम्ही ‘कंट्रोल आणि सी’ भरलंत तर विंडोजवर कॉपी होईल. मॅकवर कॉपीला कमांड लागते, त्यामुळे तिथे काहीच होणार नाही. दोन्ही वापरत असाल तर मेमरीत दोन प्रोफाइल असलेला आणि प्रोफाइल बदलायचं बटण असलेला माउस घ्या. ‘मागे’ आणि ‘पुढे’ ही बटणंही मॅकवर सगळ्या प्रोग्रॅममध्ये आपोआप चालत नाहीत. त्यासाठी स्टीअरमाउस किंवा बेटरटचटूल हे दोन्ही प्रोग्रॅम चांगले आहेत, पण विकत घ्यावे लागतात. असं कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की मॅक ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतो. ती दिली नाही तर सॉफ्टवेअर उघडतं, बटणं दिसतात, पण दाबल्यावर ढिम्म. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

लिनक्सवर कंपन्यांचं सॉफ्टवेअर सहसा मिळत नाही, पण लोकांनी स्वतः सोय केली आहे. पायपर हा प्रोग्रॅम लॉजिटेकसकट काही कंपन्यांच्या अनेक गेमिंग माउसांच्या मेमरीत थेट लिहितो. लॉजिटेकच्या इतर माउसांसाठी सोलार आहे. इनपुट-रिमॅपर माउस कुठल्याही कंपनीचा असला तरी चालतो. पायपर कोणते माउस ओळखतो त्याची यादी माउस घेण्याआधीच बघा.

कंपनीचं सॉफ्टवेअर नको आहे. दुसरा रस्ता?

विंडोजवर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही फुकट. एक्स-माउस बटन कंट्रोल हा छोटा प्रोग्रॅम नेहमीच्या पाच बटणांना आणि चाकाला हवी ती कामं देतो, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी. सहाव्या बटणापुढे त्याची नजर पोचत नाही. का, ते पहिल्या उत्तरात आलंच आहे. दुसरा ऑटोहॉटकी: कोणती कळ आली की काय करायचं, ते त्याला स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहून द्यायचं. त्यात चार ओळी लिहाव्या लागतात, पण एकदा हात बसला की बटणाकडून काहीही करून घेता येतं.

या दोन जगांना जोडणारी एक युक्ती सांगते, जी मला फार उशिरा कळली. कीबोर्डवर एफ-१२ पर्यंतच कळा असतात, पण विंडोज एफ-२४ पर्यंत ओळखतं. एफ-१३ ते एफ-२४ या बारा कळा आजच्या बहुतेक कीबोर्डांवर नसतातच, म्हणून सहसा त्यांची कोणाशी टक्करही होत नाही. माउसच्या मेमरीत प्रत्येक बटणाला यांतली एकेक कळ द्या. मग एफ-१३ आलं की काय करायचं, ते ऑटोहॉटकीत लिहा. माउस कायमचा बसवलेला, आणि बटणांचा अर्थ एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जी कॉपी करून ठेवता येते. कंपनीचं सॉफ्टवेअर त्यानंतर काढून टाकलंत तरी चालेल. एवढंच बघा की त्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-१३ निवडायची सोय आहे की नाही, सगळ्यांत नसते.

ऑटोहॉटकी ॲडमिन म्हणून चालू नसेल तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडक्यांमध्ये त्याचं काही चालत नाही. बटण फक्त काही ठिकाणीच बिघडल्यासारखं वाटलं तर आधी हे तपासा.

एका बटणावर देवनागरी मजकूर टाकता येईल का?

येईल, पण मॅक्रो रेकॉर्ड करून नाही. माउस अक्षरं साठवत नाही, कळांच्या जागा साठवतो. समजा, इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी (लेआउट) चालू असताना तुम्ही ‘नमस्कार’ रेकॉर्ड केलंत. माउसच्या पोटात काय गेलं? व्ही, सी, एम, डी, के, ई, जे या सात कळा. आता कीबोर्ड इंग्रजीवर असताना तेच बटण दाबा. पडद्यावर त्या सात रोमन अक्षरांची खिचडी उमटेल. फोनेटिक लेआउट असेल तर तिसरंच काहीतरी.

उपाय एकच: मजकूर ऑटोहॉटकीसारख्या सॉफ्टवेअरकडून थेट युनिकोडमध्ये, म्हणजे कळा नव्हे तर अक्षरंच, पाठवून घ्या. मग लेआउट कोणताही असो, ‘नमस्कार’ म्हणजे ‘नमस्कार’च. स्क्रिप्टची फाइल युटीएफ-८ मध्ये जतन करायला विसरू नका, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग येते.

मराठी आणि इंग्रजी आलटून-पालटून टाइप करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पहिलं बटण भाषा बदलण्याला द्या. विंडोजवर ते विंडोज कळ आणि स्पेसबार. दिवसातून शंभरदा होणारं काम अंगठ्यावर आलं की बाकी बटणं नसली तरी माउसचे पैसे वसूल.

आणखी कोणती कामं बटणांवर शोभतात?

जी दोन हातांनी करावी लागतात आणि चुकून झाली तरी नुकसान होत नाही, ती. बंद केलेला टॅब परत उघडणं (कंट्रोल, शिफ्ट, टी). पडद्याचा तुकडा टिपणं (विंडोज, शिफ्ट, एस). क्लिपबोर्डचा इतिहास (विंडोज आणि व्ही, ही सोय आधी चालू करावी लागते). एक्सेलमध्ये एफ-४, कारण ती आधीची कृती पुन्हा करते आणि सूत्र लिहिताना डॉलरची चिन्हंही लावते. शीट बदलायला कंट्रोलसह पेज अप आणि पेज डाउन. कॅडमध्ये एस्केप आणि एंटर, बस. एवढी दोन बटणं दिलीत तरी डावा हात मोकळा होतो.

डिलीट, सेंड आणि ‘सेव्ह न करता बंद’ ही कामं बटणावर कधीही ठेवू नका. अंगठा घसरतोच.

एक्स-माउससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक बारीक गोष्ट असते: बटण पटकन दाबलं तर एक काम, दाबून धरलं तर दुसरं. मी ‘मागे’ बटण धरून ठेवलं की चाक आवाज कमी-जास्त करतं. कॉलवर असताना हे किती कामाला येतं ते वापरल्याशिवाय कळत नाही.

डीपीआय आणि पोलिंग रेट किती हवा?

ऑफिसच्या कामाला याचा विचार करत बसू नका. खोक्यावर डीपीआय २५,००० असो की ३०,०००, तुम्ही ८०० ते १,६०० च्या आसपासच वापरणार. पोलिंग रेट म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो: १२५ हर्ट्‌झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १,००० म्हणजे दर मिलिसेकंदाला. ८,००० हर्ट्‌झ स्पर्धात्मक खेळणाऱ्यांसाठी. त्यात प्रोसेसर आणि वायरलेस असेल तर बॅटरी, दोन्ही जास्त खर्च होतात.

एक गोष्ट मात्र उपयोगाची: बटण धरलं असेपर्यंतच डीपीआय कमी होणं. नेमबाजीच्या खेळांसाठी काढलेली सोय आहे, पण चित्रातली बारीक कड पकडताना मीही वापरते.

वायरलेस घ्यावा की वायरचा?

जो जड वाटत नाही तो. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरवर चालणारे चांगले माउस वेगात वायरच्या मागे नाहीत. ब्लूटूथ थोडं सुस्त, पण रिसीव्हर लागत नाही आणि टॅबलेटलाही जोडता येतं. दोन्ही असलेला मिळाला तर उत्तम. फक्त काही माउसांत ब्लूटूथवर गेल्यावर सगळी बटणं सारखी वागत नाहीत, ते स्वतः दाबून बघा.

कर्सर मधूनच अडखळत असेल तर माउसला दोष देण्याआधी रिसीव्हर कुठे आहे ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच गोंगाट निघतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन वायरने माउसजवळ आणला की अडखळणं बहुतेक थांबतं.

बटणं किती दिवस टिकतात? ‘दोन कोटी क्लिक’ खरं असतं का?

हिशेब करू. दिवसाला ५,००० क्लिक धरले तर दोन कोटी क्लिकना ४,००० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. आणि तरी दोन-तीन वर्षांत डावं बटण डबल क्लिक करायला लागलेले माउस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कारण बटणाखालच्या स्विचमधली धातूची पट्टी तुटत नाही. तिचा स्पर्शबिंदू झिजतो, काळवंडतो. मग एकदा दाबलं की जोड दोनदा लागल्यासारखा होतो. ओळखायची सोपी खूण: मजकूर निवडत ओढत जा. बोट न उचलता निवड मध्येच सुटली, तर स्विच गेला.

ऑप्टिकल स्विचमध्ये धातूच्या स्पर्शाऐवजी प्रकाशाचा किरण अडवला जातो किंवा मोकळा होतो, त्यामुळे हा आजार होत नाही. क्लिकचा आवाज आणि स्पर्श मात्र वेगळा लागतो, काहींना तो आवडत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोम अशी की खोक्यावरचा तो आकडा सहसा डाव्या-उजव्या क्लिकचा असतो. बाजूच्या बटणांना कित्येकदा साधे, स्वस्त स्विच असतात, आणि तुम्ही घेताय तर बाजूच्या बटणांसाठीच. नवीन माउसचं प्रत्येक बटण त्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाला दाबून बघा. एका टोकाला टणक आणि दुसऱ्याला मऊ लागलं तर बदलून घ्या.

मी डावखुरा आहे. माझ्यासाठी काय?

यादी तोकडी आहे, हे आधीच सांगते. अंगठ्याची बटणं असलेले बहुतेक माउस उजव्या हातासाठीच वळवलेले असतात. डाव्या हातात धरले तर बटणं करंगळीखाली येतात. रेझरने नागाची डाव्या हाताची आवृत्ती काढली होती. नाहीतर दोन्ही बाजूंना बटणं असलेला सरळ, सममित माउस घ्यावा. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट हा ट्रॅकबॉलही विचारात घ्या: मधे मोठा गोळा, तो फिरवून कर्सर हलवायचा, चार कोपऱ्यांत चार बटणं, हात कोणताही चालतो.

हात दुखतो म्हणून असा माउस घेतोय. फायदा होईल का?

काही बाबतीत, हो. सारखा डबल क्लिक करावा लागत असेल तर तो एका बटणावर द्या. चाक फिरवून बोट आखडत असेल तर पेज डाउन द्या. कंट्रोल-शिफ्टसाठी करंगळी ताणणं तर थांबतंच.

पण काम नाहीसं होत नाही, ते अंगठ्याकडे जातं. अंगठा आतल्या बाजूला दाबत राहणं ही त्याची आवडती हालचाल नव्हे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं तर बटणांची कामं कमी करा, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. तिथल्या स्नायुबंधांना सूज येण्याचा एक ओळखीचा आजार आहे, तो अंगावर काढू नये.

बटणं जितकी जास्त तितकं वजनही जास्त असतं. हलके गेमिंग माउस ६० ग्रॅमच्या आसपास असतात, तर जी६०० किंवा एमएक्स मास्टरसारखे १३०-१४० ग्रॅमच्या घरात. शिवाय बटण फार हलकं असेल तर माउस उचलताना पकडीनेच दाबलं जातं. मोठ्या हाताच्या आणि पूर्ण तळवा टेकवणाऱ्या माणसाला मोठा माउस सोयीचा. बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याचा अंगठा मागच्या बटणांपर्यंत पोचतच नाही. माउस हातात धरून सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात मागचं बटण दाबा. त्यासाठी तळवा सरकवावा लागला तर तो माउस तुमचा नव्हे.

खेळात मॅक्रो वापरला तर बंदी येते का?

खेळावर अवलंबून. एक बटण, एक कृती असं साधं रिमॅप जवळजवळ सगळीकडे चालतं. एका दाबण्यात अनेक कृती करून घेणारा मॅक्रो अनेक ऑनलाइन खेळांत नियमाबाहेर आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये, तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये हालचाली आणि गोळीबाराचं असं काही प्रकारचं ऑटोमेशन आपल्या अधिकृत सर्व्हरवर बंद केलं. सापडलेल्याला चालू सामन्यातून बाहेर काढतात. एकट्याने खेळायच्या खेळात कोणी विचारत नाही.

सवय व्हायला किती दिवस लागतात?

एका वेळी दोनच बटणांना कामं दिलीत तर आठवडाभर. बाराही एकदम दिलीत तर माझ्यासारखे माउस वाकडा करून आकडे वाचत बसाल. पहिल्या आठवड्यात दोन, ती हाताला कळली की आणखी एक. आणि कामं वारंवार बदलू नका. अंगठा एकदा शिकला की लवकर विसरत नाही, जुन्याच जागी जात राहतो.

माझ्या बारा बटणांच्या माउसवर शेवटी पाचच कामं उरली. रिकाम्या सात बटणांना मी ‘काहीच नको’ असं सेट करून ठेवलं होतं, म्हणजे चुकून दाबली तरी बिघडायला नको. नंतर तो खेळ खेळणाऱ्या भाच्याला दिला. त्याने बाराही भरून टाकली, आणि आता त्याला दुसरा थर हवा आहे.